अकरा गज आणि एक वीत

माणूस खोटं बोलतो याचं भुजंगला कधी वाईट वाटलं नाही. त्याला चीड यायची ती दगडांची. अंबडच्या मोजणी कचेरीत तो साखळी ओढायचा. म्हणजे साहेब सावलीत उभे राहून आकडे लिहिणार आणि हा लोखंडी साखळीचं टोक धरून बांधाबांधानं फिरणार. त्या नोकरीत तो एक गोष्ट पक्की शिकला. पेरणी जवळ आली की हद्दीचे दगड चालायला लागतात. यंदा हातभर, पुढच्या साली आणखी हातभर, आणि विचारलं की दोन्हीकडचे भाऊ देवाची शपथ घेऊन मोकळे. अशा माणसाचा विश्वास बसणार तरी कशावर? एसटीच्या वेळापत्रकावर नाही, दूधवाल्याच्या मापावर नाही, डॉक्टरच्या थर्मामीटरवरसुद्धा नाही. त्याची बायको बेबीनंदा म्हणायची, "ह्यांना ताप आला तरी आधी खात्री करून घेतील, मंग कण्हतील."

पळण्याचा नादही संशयातूनच लागला. सत्त्याऐंशी साली सरकारी नोकरांच्या खेळात पाच किलोमीटरला भुजंग दुसरा आला. पहिला आला तो एक शिपाई, आणि त्यानं मैदानाचा कोपरा कापला याबद्दल भुजंगच्या मनात तिळभर शंका नव्हती. पुढच्या साली त्याला दाखवतोच म्हणून तो आपल्या गावी, तीर्थपुरीत, रोज पहाटे पळायला लागला. शिपायाची बदली झाली, खेळ बंद पडले, पण पळणं सुटलं नाही. हाफ चड्डीवर पळणारा मोजणीवाला बघून गावानंही त्याच्यावर नजर ठेवली. हा कुणाच्या शेताकडे पळतो, कुणाच्या सांगण्यावरून पळतो, याची पारावर चौकशी व्हायची. गावाचा संशय आणि भुजंगचा संशय अशी बरोबरीची झुंज होती.

त्याच्या मागे खंबीर उभा राहिला तो एकटा नवलकिशोर. बाजारपेठेत त्याचं कापडाचं दुकान. पणजोबा राजस्थानातून पाठीवर गठ्ठा घेऊन आले होते, आता चौथी पिढी गादीवर. दोघं एका बाकावर शिकलेले. नवलचं शरीर असं, की दुकानापासून एसटी स्टँडपर्यंत चालला तरी वाटेत दोनदा बसणार. पण पळण्याची हौस त्याला भुजंगच्या डोळ्यांनी भागवून घेता यायची. त्यानं जालन्याहून काळं, प्लॅस्टिकचं स्टॉपवॉच आणलं. दर रविवारी पहाटे तो लुनावर बसून गावाजवळच्या कालव्यावर हजर व्हायचा आणि भुजंगची वेळ घ्यायचा. हौशी माणूस दहा किलोमीटर चाळीस मिनिटांच्या आत पळला तर खरा पळणारा, असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं. ते वाक्य त्यानं भुजंगच्या कानात घातलं आणि भुजंगच्या आयुष्याला काम मिळालं.

आता दहा किलोमीटर म्हणजे नेमकं किती? कालव्याच्या दगडांवर आकडे होते, पण दगडांवर विश्वास ठेवणारा भुजंग नव्हे. कचेरीत मोडीत निघालेली एक जुनी तेहतीस फुटी साखळी त्यानं मिळवली. कड्यांनी जोडलेल्या तिच्या सळ्यांपैकी चार तुटल्या होत्या. गावातल्या लोहाराकडून त्यानं त्या नव्या घालून घेतल्या आणि समोर बसून कड्या, सळ्या, पितळी खुणा सगळं तीनतीनदा मोजून बघितलं. एक कमी नाही, एक जास्त नाही. मग साखळीचं दुसरं टोक बेबीनंदाच्या हातात देऊन त्यानं कालव्याचा रस्ता मोजला. पाच किलोमीटर म्हणजे चारशे सत्त्याण्णव साखळ्या जायच्या, तेवढ्याच यायच्या. शेवटी, वळायच्या जागी, एका बाभळीला चुन्याचा पट्टा मारला. दोन दिवस नवरा-बायको साखळी ओढताना बघून उसातनं माणसं बाहेर आली. कालवा रुंद होणार, जमिनी जाणार, अशी बोंब उठली. "माझ्या पळण्यासाठी मोजून राह्यलो," असं भुजंग शपथेवर सांगायचा. कुणाचाही विश्वास बसला नाही. आठ दिवसांनी दोन शेतकरी खव्याचा पुडा घेऊन घरी आले, आपलं रान तेवढं वाचवा म्हणाले.

त्या बाभळीनं भुजंगला आठ वर्षं छळलं. एकेचाळीस दहा, एकेचाळीस, चाळीस पन्नास. शहाण्णवच्या दिवाळीनंतर चाळीस बेचाळीस. त्याच्यापुढं काटा हलेना. त्यानं तेलकट सोडलं, चहा सोडला, वारा पाठीवर असेल अशी वेळ शोधली. आता वय अडतीस. पाय किती दिवस साथ देणार याचा हिशेब त्याला कळत होता. मग संशय आला नवलच्या अंगठ्यावर.

"बटन उशिरा दाबतोस तू."

"बिलकुल न्हाई. तुझा पाय निघाल्या जागी परत पडला की माझा अंगठा बटनावर, बराबर एका टायमाला."

"दाखव."

नवल दर रविवारी मुकाट्यानं घड्याळ पुढं करायचा. भुजंग आकडा डोळ्यांनी बघायचा, मगच वहीत लिहायचा. आठ वर्षांत एकदाही त्यानं नवलचा तोंडी आकडा लिहिला नाही. नवलला याचं काही वाटत असेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

सत्त्याण्णवच्या सव्वीस जानेवारीला जालन्यात एका मंडळानं दहा किलोमीटरची शर्यत ठेवली. अंबड रस्त्यानं पाच किलोमीटर जायचं, तिथं ठेवलेल्या पिंपाला वळसा घालून परत यायचं. मंडळाचे अध्यक्ष अण्णासाहेब नवलच्या ओळखीचे. त्यांनी नवललाच पिंपापाशी उभं केलं. येईल त्याच्या मनगटाला लाल फीत बांधायची, म्हणजे अर्ध्यातून कुणी वळणार नाही. आदल्या दिवशी नवल खुशीत होता. "यंदा तुला चाळीसच्या आत आणतोच बघ," असं तो दुकानात चार माणसांसमोर बोलून गेला.

भुजंग एकोणचाळीस मिनिटं एक्केचाळीस सेकंदांत आला.

पस्तिशीच्या वरच्यांत तिसरा. लोकांनी त्याला खांद्यावर घ्यायचं बाकी ठेवलं होतं. हा मात्र गुडघ्यांवर हात टेकून उभा, आणि डोक्यात एकच घोळ. दहा आठवडे मेहनत करून दोन सेकंद कमी होत नव्हते, आणि आज एकदम मिनिटभर? तेवढ्यात नवल लुनावरून धापा टाकत आला. पळाला कुणी आणि दम लागला कुणाला. आनंदानं त्याचे डोळे भरले होते. ते भरलेले डोळे बघितले आणि भुजंगला सगळं लख्ख दिसलं. आणतोच म्हणाला होता. यानं पिंप अलीकडं घेतलं.

प्रशस्तिपत्र द्यायला अण्णासाहेबांनी नाव पुकारलं तेव्हा तो माईकजवळ जाऊन म्हणाला, "मला नको हे. रस्ता कमी हाय. पिंप सरकवलंय."

पिंपापाशी कोण होतं ते सगळ्यांना माहीत होतं. नवल खुर्चीवरून अर्धवट उठला आणि तसाच खाली बसला.

पुढच्या रविवारी भुजंगनं बेबीनंदाला साखळीचं टोक धरायला लावलं आणि अंबड रस्ता मोजला. पिंपाची चुन्याची खूण अजून तशीच होती. चारशे सत्त्याण्णव साखळ्या भरायला पाहिजेत, भरल्या चारशे शहाऐंशी. अकरा साखळ्या कमी. जाऊन-येऊन बावीस. त्याला आनंद झाला, खोटं कशाला सांगा. संशय खरा ठरल्याचा आनंद त्याच्याइतका कुणी चाखला नसेल. बेबीनंदा साखळी गोळा करत म्हणाली, "अहो, नवलभाऊ असं करायचे न्हाईत." तो म्हणाला, "साखळी खोटं बोलती का मंग?"

तशीच खांद्यावर साखळी टाकून तो तीर्थपुरीला दुकानात शिरला. गादीवर नवलचे वडील किशनलालशेठ गिऱ्हाइकाला कापड फाडून देत होते. भुजंगनं सगळ्यांसमोर आकडे सांगितले.

नवलनं ऐकून घेतलं. मग लक्ष्मीच्या तसबिरीखाली टांगलेला लोखंडी गज काढला. मीटर आले तरी तो जुना गज घरात जपलेला होता, दर दिवाळीला त्याची पूजा व्हायची. नवल त्या देहानिशी खाली बसला, साखळी दुकानाच्या फरशीवर पार रस्त्यापर्यंत ताणली आणि गुडघ्यांवर सरकत मोजायला लागला. तेहतीस फूट म्हणजे अकरा गज. अकरावा गज संपला. साखळी संपली नव्हती. नवलनं उरलेल्या तुकड्यावर पंजा ताणून ठेवला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत.

"एक वीत जादा हाय तुझी साखळी," तो म्हणाला. "अंबड रस्ता कमी भरला न्हाई, भुजंग. तुझा कालवा जादा भरला. आठ साल तू दहाच्या वर पळून राह्यला."

भुजंगच्या कानांत शिट्टी वाजली. कड्या त्यानं स्वतः मोजल्या होत्या. आणि मग त्याच्या तोंडून जे निघालं ते त्याला स्वतःलाही आवरता आलं नाही.

"तुमचाच गज आखूड असंल. व्यापाऱ्याचा गज तो."

किशनलालशेठच्या हातातलं कापड तसंच राहिलं. गिऱ्हाईक खाली बघायला लागलं. म्हातारा आवाज न चढवता म्हणाला, "भुजंग, तुझ्या बापाला अखेरचं कापड याच गजानं मोजून दिलं मी." भुजंग साखळी गोळा करून बाहेर पडला. ती गोळा करायला त्या दिवशी फार वेळ लागला.

कचेरीत रोज दहा वाजता एक काम असायचं. साखळी बाहेर काढण्याआधी ओट्यावरच्या दोन पितळी खिळ्यांमध्ये धरून बघायची. साखळी वापरून ताणते, वाकून आखडते, म्हणून रोज तपासायची. हे काम वर्षानुवर्षं भुजंगच करत आला होता. नव्या मीटरच्या खिळ्यांशेजारी तेहतीस फुटांचे जुने खिळे अजून ओट्यात होते. साऱ्या तालुक्याच्या साखळ्या तपासणाऱ्या या माणसाला आपली साखळी तिथं आणून बघायचं कधी सुचलं नव्हतं. कड्या मोजल्या, खुणा मोजल्या, लांबी मोजली नाही. परक्याची असती तर पहिल्याच दिवशी आणली असती.

सोमवारी त्यानं ती पिशवीतून नेली, कुणी यायच्या आधी खिळ्याला अडकवली आणि ताणली. दुसऱ्या खिळ्यापुढं साखळी लोंबत राहिली. त्यानं पंजा लावला. एक वीत. लोहारानं घातलेल्या चार सळ्या बाकीच्यांपेक्षा लांब होत्या. इतकं उघड की आंधळ्यालाही हाताला लागलं असतं. भुजंग ओट्यावर बसला. आयुष्यात एकदाच घड्याळावर तो चाळीसच्या आत आला होता आणि ते त्यानं स्वतःच्या तोंडानं, माईकवरून, खोटं ठरवलं होतं. त्याचं दुःख होतंच. पण डोळ्यांपुढून जात नव्हता तो मांडवातला नवल, अर्धवट उठलेला.

संध्याकाळी तो दुकानात गेला. आधी किशनलालशेठच्या पाया पडला. शेठनं पाय मागं घेतले नाहीत, एवढंच. मग नवलकडे वळला. "चुकलो मी. एक वीतच हाय जादा."

"कशावरनं?"

"कचेरीत खिळ्यांना लावून बघितली."

नवलनं मान हलवली. "म्हंजे खिळ्यांनी सांगितलं म्हून आलास. मी सांगितलं तवा न्हाई आलास." त्यानं गल्ल्यातून स्टॉपवॉच काढून समोर ठेवलं. "घेऊन जा. आता तूच दाबत जा. कुणावर शक घ्यायचं काम न्हाई."

भुजंगनं बाभळीवरचा पट्टा खरवडला आणि अकरा साखळ्या अलीकडं नवी खूण केली. एकटाच पळायला लागला, हातात घड्याळ धरून. पहिल्या रविवारी एकोणचाळीस अठ्ठेचाळीस. त्यानं आकडा बघितला, वही उघडली आणि पेन तसंच राहिलं. सुरुवातीला आपण पाय टाकल्यावर तर बटन दाबलं नाही? शेवटी हात पुढं करून आधीच तर दाबलं नाही? त्यानं पुन्हा आठवून बघितलं, पुन्हा पुन्हा आठवून बघितलं. वहीत काही लिहिलं नाही. असे सहा रविवार गेले. सहाही वेळा चाळीसच्या आत, आणि सहाही वेळा पान कोरं. आता त्याला स्वतःच्या अंगठ्याचाही भरवसा राहिला नव्हता. असं एकटेपण त्यानं कधी अनुभवलं नव्हतं.

मग पाडवा आला. तो पळाला, निघाल्या जागी परत येऊन बटन दाबलं आणि घड्याळाकडे न बघता ते तसंच रुमालात गुंडाळलं. घामानं निथळत, चड्डीवरच, वही काखेत मारून, भर बाजारातनं तो दुकानाशी आला. नवल दारात गुढी उभारत होता. भुजंगनं रुमाल त्याच्यापुढं धरला.

"मी बघितलं न्हाई," तो म्हणाला. "तू सांग."

नवलनं रुमाल सोडला. घड्याळाकडे बराच वेळ बघितलं. चेहऱ्यावरून काही कळेना. मग भुजंगच्या डोळ्यांत बघत त्यानं अंगठ्यानं बटन दाबलं आणि घड्याळ उलटं करून त्याला दाखवलं. तिथं नुसती शून्यं होती.

"एकोणचाळीस छप्पन्न," नवल म्हणाला.

भुजंगच्या जिभेवर जुना शब्द आला. दाखव. त्यानं तो गिळला.

"बरं," तो म्हणाला. "पेन दे. वहीत लिवतो."