डाव्या मागच्या चाकाचे चार नट

हात्सुए ओइकावा शहात्तर वर्षांची आहे, आणि गेल्या चार वर्षांत तिने नवऱ्याचा एकही डायलिसिस चुकू दिलेला नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी सातला घर सोडायचं, घाट चढायचा, घाट उतरायचा आणि साडेआठच्या आत तोकुजीला इस्पितळाच्या दारात उभं करायचं. मशीन चार तास त्याचं रक्त धुतं. तेवढा वेळ ती खाली गाडीत पायांवर गोधडी घेऊन बसते. मग परत घाट. जायला अठ्ठेचाळीस किलोमीटर, यायला तेवढेच.

आमच्या वाडीत आता अकरा घरं उरलीत. बस बंद होऊन तीन हिवाळे झाले. इस्पितळाची स्वतःची गाडी आहे, पण बर्फ सुरू झाला की ती घाट ओलांडत नाही. त्यामुळे हात्सुएची पांढरी, छोटी, आत बसल्यावर गुडघे पोटाशी येतात अशी गाडी म्हणजेच तोकुजीचं आयुष्य आहे. हे वाडीत कुणी बोलून दाखवत नाही. पण सात वाजता ती गाडी निघताना ऐकू आली की माझी आई चुलीपाशी म्हणते, "गेले दोघं." आणि मगच चहा ओतते.

हात्सुए कमी बोलते. ती कसर तोकुजी भरून काढतो. तो सुतार होता. दुसऱ्याचं काम बघत बसायची सवय त्याच्या हाडात आहे. रस्त्यात कोल्हा आडवा आला तर म्हणतो, "अगं, त्याला आधी जाऊ दे, त्याला कामावर जायचंय. आपल्याला काय, झोपायलाच तर जायचंय." वळणावर तिने गाडी जास्तच हळू घेतली तर म्हणतो, "उतरून ढकलू का?" तिचे हात स्टिअरिंगवर असतात, दहा वाजून दहा मिनिटांच्या काट्यांसारखे, चौतिसाव्या वर्षी बिअरसाठी लागणाऱ्या हॉप्सच्या वेलींचे भारे वाहायला लायसन काढलं तेव्हा शिकवणाऱ्याने ठेवायला सांगितले होते तसेच.

नोव्हेंबरात टीव्हीवर पहिल्या बर्फाचा अंदाज आला की अख्खा जिल्हा एकाच दिवशी गाड्यांना बर्फाचे टायर चढवायला धावतो. दोन आठवडे आधी जावं हे सगळ्यांना कळतं, आणि दरवर्षी कुणीही जात नाही. हात्सुएसुद्धा मंगळवारी गेली, जिथून गाडी घेतली त्याच शोरूममध्ये. बावीस वर्षं ती तिथेच जाते. काउंटरवर तेरुई-सान असतात, पन्नाशी उलटलेले, कायम थोडे घाईत, कायम नम्र. त्यांची आई आणि हात्सुए एकाच शाळेतल्या.

टायर बदलल्यावर एक रीत असते. शंभरेक किलोमीटर चालवून परत यायचं, चाकांचे नट पुन्हा आवळून घ्यायचे. नवे बसवलेले नट थोडे सैल पडतात. त्यासाठी एक चिठ्ठी देतात, परत आलं की तिच्यावर शिक्का मारतात. बुधवारच्या फेरीत शंभर किलोमीटर जवळजवळ भरले. शुक्रवारी डायलिसिस आटोपला आणि ती झोपाळलेल्या तोकुजीला मागच्या सीटवर घेऊन शोरूमला गेली. मागून डाव्या बाजूला काहीतरी खटखटत होतं.

आत पाय ठेवायला जागा नव्हती. तिचा नंबर यायला पाऊण तास लागला.

"तेरुई-सान, मागून जरा आवाज येतोय."

"बर्फाचे टायर ना, ओइकावा-सान. ते थोडे बोलके असतातच," ते हसून म्हणाले. "बसा. लगेच बघून घेतो." ते आतल्या दाराने गेले, आले, फोन उचलला, ठेवला, आणि चिठ्ठीवर शिक्का मारून दोन्ही हातांनी तिच्या पुढ्यात धरली. "आपल्याला ताटकळत ठेवलं."

हात्सुए बाहेर आली. बर्फ विरळ पडत होता. गाडीभोवतीच्या पांढऱ्या जमिनीवर पावलांचे ठसे होते, गाडीपासून दरवाजापर्यंत, एकाच माणसाचे. तिचेच. डाव्या मागच्या चाकाशी तर बर्फ अगदी कोरा होता.

ती थोडा वेळ उभी राहिली. तिने मागे वळून पाहिलं. काचेआड तिच्यानंतरची बारा-तेरा माणसं आपापल्या चिठ्ठ्या घेऊन उभी होती, आणि तेरुई-सान पुढच्या माणसाला वाकून नमस्कार करत होते. आत जाऊन काय म्हणायचं? तुम्ही खोटं बोललात? बावीस वर्षांनी, एवढ्या लोकांदेखत? नट पहिल्यांदाच नीट आवळले असतील, असं तिने स्वतःला सांगितलं. आणि काचेआडच्या माणसाला, तो बघत नसतानाही, वाकून म्हणाली, "तुम्हाला त्रास दिला."

सोमवारी, घाटाच्या पलीकडच्या उतारावर, तिसऱ्या वळणाला, चाक निघालं.

आवाज मोठा झाला नाही. गाडी डावीकडे बसली, मागचा कोपरा रस्त्याला घासत गेला आणि तोकुजीच्या बाजूने एक काळं चाक त्यांच्यापुढे धावत निघालं. कठड्यावरून उडालं आणि झाडीत गेलं. गाडी फिरली. कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली.

"हात्सुए," तोकुजी म्हणाला. एवढंच. त्याला पुढचं काही सुचलं नाही, आणि तेच तिला चाकापेक्षा भयंकर वाटलं.

रस्त्यावरचा बर्फ सारणारं यंत्र अर्ध्या तासाने आलं. त्याच्या ड्रायव्हरने दोघांना केबिनमध्ये चढवून घेतलं. मशीनला दोन तास उशीर झाला.

इस्पितळातच पोलीस चौकीचे वाजिमा-सान भेटले. भला माणूस, निवृत्तीला आलेला. वहीत लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "आजी, वय किती म्हणालात?"

"शहात्तर."

"हं." त्यांनी लिहिलं. "वळणावर चाक कठड्याला घासलं होतं का कधी? आधी? आठवतंय?"

"नाही घासलं."

"म्हणजे, आठवत नाही?"

"घासलं नाही, असं मी म्हणाले."

त्यांनी पेन थांबवलं आणि हळूच म्हणाले, "लायसन परत करायचा विचार करा, असं मी सांगत नाही. ते तुम्ही आणि तुमच्या मुलाने बघायचं. शोरूमचं उत्तर येऊ दे, मग मी कारण लिहीन."

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. मॅनेजर ओदाजिमा-सान यांनी फोन केला, मुलाला. मित्सुरु दूर, सायतामाला असतो. त्याने ते आईला वाचून दाखवल्यासारखं सांगितलं. "आई, ते म्हणतात, नट आवळून दिल्याचा शिक्का आहे. तुझ्याकडच्या चिठ्ठीवर पण आहे. म्हणजे त्यांच्याकडून गाडी ठीक गेली. मग मधल्या दोन दिवसांत कुठेतरी जोरात आपटली असणार."

"आपटली नाही."

"तुला कळलं नसेल."

"मित्सुरु."

"आई, ऐक. दोष गॅरेजचा असेल तर मी एक शब्द बोलणार नाही. पण तुझा असेल तर नववर्षाला येतो आणि दोघांना घेऊन जातो. इथे बाबांसाठी संस्थेत जागा मिळतेय, मशीन तिथेच आहे, खालच्या मजल्यावर. तू आमच्याकडे."

"आणि ते तिथे एकटे?"

"रविवारी जाऊ ना भेटायला."

तिने फोन ठेवला. बावन्न वर्षं एका छपराखाली, आणि आता रविवारी जाऊ भेटायला.

बुधवारी शेजारची यासुको तिच्या मालाच्या छोट्या ट्रकमधून तोकुजीला घेऊन गेली. ट्रकला दोनच सीटा. हात्सुए अंगणात उभी राहून तो वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली. मग आत येऊन तिने मुळे चिरायला घेतले, कापता कापता थांबली, पुन्हा घेतले. दुपारपर्यंत ती तीन वेळा दाराशी गेली. यासुको पुढच्या मंगळवारी लेकीच्या बाळंतपणाला सेंदाईला जाणार होती, दोन महिने. त्यानंतर कोण, हे वाडीत कुणालाच माहीत नव्हतं. आमच्याकडे तर गाडीच नाही.

तोकुजी आला. बूट काढता काढता, तिच्याकडे न बघता म्हणाला, "मी एक विचार केलाय. मशीन बंद करू. मशीन नको म्हटल्यावर गाडी नको, आणि त्या पोराची जागाही नको."

"काय बोलताय?"

"मशीनशिवाय माणसाला आठ-दहा दिवस मिळतात म्हणे. घरात काढीन. तुझ्या हातचं खारवलेलं लोणचं खाईन, डॉक्टर ओरडणार नाही."

तो हसला नाही. या माणसाने आजवर स्वतःच्या विनोदाला न हसता सोडलं नव्हतं. हात्सुएने त्याचे बूट जागेवर लावले, जरा जास्तच नीट, टाचा जुळवून.

गुरुवारी ती यासुकोच्या ट्रकमध्ये बसून शोरूमला गेली.

आता गर्दी ओसरली होती. पाच-सहा गिऱ्हाइकं चहा पीत बसलेली. तेरुई-सान तिला बघून काउंटरच्या बाहेर आले आणि कमरेत वाकले. "आपल्याला फार काळजीत टाकलं. मनापासून क्षमा."

"कशाबद्दल?"

"आपल्याला काळजीत टाकल्याबद्दल."

"चाकाबद्दल नाही?"

ते वाकलेलेच होते. ओदाजिमा-सान आतून आले, तेही वाकले. त्यांनी तिला बसवलं, चहा दिला, सगळं पुन्हा सांगितलं, अतिशय गोड आवाजात. तपासणी झाली आहे. कागद तसं सांगतो. आपल्या वयाचा आम्ही आदर करतो. घाट अवघड असतो. दुरुस्ती आम्ही सवलतीत करून देऊ, बदली गाडी आजच देऊ. प्रत्येक वाक्य मऊ होतं आणि प्रत्येक वाक्याने दार थोडं थोडं बंद होत होतं. मग ते उठले, म्हणजे तिनेही उठायचं.

दोघं तिला बाहेरपर्यंत सोडायला आले. गिऱ्हाईक निघालं की दारात वाकून उभं राहायचं आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत वर बघायचं नाही, असं आपल्याकडे असतं. दोघं बर्फात तसे वाकले. यासुकोने ट्रक सुरू केला.

हात्सुए ट्रकपाशी गेली. चढली नाही.

"चल गं," यासुको खिडकीतून पुटपुटली. "तू गेल्याशिवाय ते सरळ होणार नाहीत. कंबरडं मोडेल बिचाऱ्यांचं."

"मोडू दे," हात्सुए म्हणाली.

ती तशीच उभी राहिली. बर्फ दोन वाकलेल्या पाठींवर साचायला लागला. काचेआड गिऱ्हाइकांनी कप खाली ठेवले. ओदाजिमा-सान एकदा हळूच वर बघायला गेले, ती तिथेच आहे असं दिसताच पुन्हा वाकले. तेरुई-सान हलले नाहीत. त्यांचे कान लाल झाले होते.

"तेरुई-सान," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. बर्फात लांबपर्यंत ऐकू येतो तेवढाच होता. "शुक्रवारी मी बाहेर आले तेव्हा गाडीभोवती फक्त माझी पावलं होती. मला दिसलं. मी बोलले नाही. मागे बसलेल्या नवऱ्याला घेऊन मी तशीच घाटात गेले. ही माझी चूक. ती मी आता इथून चौकीत जाऊन सांगणार आहे. तुमची तुम्ही सांगा."

यासुकोने ट्रक बंद केला.

"माझा माणूस मशीन सोडतो म्हणतोय," हात्सुए म्हणाली, आणि इथे तिचा आवाज फाटला. "वाकू नका हो. वाकलेल्या माणसाशी बोलता येत नाही."

तेरुई-सान सरळ झाले. पाठीवरचा बर्फ खाली पडला. चेहरा पाण्याने भिजला होता, कसल्या ते सांगता येणार नाही.

"गेलो नव्हतो," ते म्हणाले. "आत मेकॅनिकला विचारलं, तो म्हणाला, हातात तीन गाड्या आहेत. मी शिक्का मारला. तुमच्या गाडीपाशी कुणीच गेलं नाही. आणि मंगळवारी ते चाक कुणी आवळलं, याची नोंदसुद्धा नाही. मी शोधली. सोमवारी रात्रीच शोधली."

"तेरुई!" ओदाजिमा-सान म्हणाले.

"नाही आहे नोंद, मॅनेजरसाहेब. ती कोरी जागा तुम्हालाही दाखवली मी."

हात्सुएने फोन लावला आणि त्यांच्यापुढे धरला. "माझ्या मुलाला सांगा. हेच. कमी करू नका."

त्यांनी सांगितलं. फोनवरच्या माणसाला दिसत नसतानाही प्रत्येक वाक्याला वाकत सांगितलं. नंतर चौकीतही सांगितलं. ते आता त्या काउंटरवर नसतात, एवढंच आम्हाला कळलं. हात्सुए त्यांच्या आईकडे जाऊन आली. काय बोलली, माहीत नाही.

मित्सुरुने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "ठीक आहे, आई. मी बोललो होतो ना. ठीक आहे."

शुक्रवारी ती बदली गाडी घेऊन निघाली. तोकुजी शेजारी बसला होता, पट्टा लावून. घाट चढून झाला. पलीकडच्या उतारावर तिसऱ्या वळणाच्या जरा आधी तिने गाडी बाजूला घेतली, उतरली, हातमोजे काढले आणि चारही चाकांचे नट एकेक करून बोटांनी चाचपले. लोखंड एवढं गार होतं की कातडी चिकटत होती. सगळे घट्ट होते. ती परत येऊन बसली. स्टिअरिंग धरलं. ब्रेकवरचा पाय मात्र उचलेना.

"अगं," तोकुजी म्हणाला, "साडेआठ होत आलेत. मशीन वाट बघत असेल."

"थांबा जरा."

तो थांबला. समोर उतार होता, आणि ज्यावरून चाक उडालं तो कठडा होता. तिने दोनदा श्वास घेतला, हॅंडब्रेक सोडला, आणि गाडी अगदी सावकाश खाली उतरू लागली.