फळीवरचे शेजारी

भाऊ कुणालाही नावाने हाक मारत नसत. आम्ही सगळे त्यांचे ‘शेजारी’. मी, चहावाला, एवढंच काय, कारखान्याचे मालक असलेले साहेबसुद्धा ‘शेजारीसाहेब’!

सत्तरचं दशक सरत आलं होतं. घोरावाडी स्टेशनामागे रुळांना लागून आमचा छोटासा कारखाना होता. मी रोज लोणावळ्याहून लोकलने यायचे. कॉलेजांतल्या मुलांना संगणकाची चिप शिकता यावी म्हणून आम्ही सरावाचे बोर्ड बनवत असू. मधोमध चिप आणि तिच्याभोवती लाल दिवे, बटणं, आकडे दाखवणारी पट्टी आणि एक बझर. मी सोल्डरिंग करायचे आणि तयार बोर्ड भाऊ तपासायचे. ते जवळच्याच आंबी गावचे. आधी बाजारात रेडिओ दुरुस्त करायचे. स्पीकर कानाला लावून त्यांची उमर गेलेली.

चिपभोवतालच्या या दिवे-बटणांच्या मंडळींना साहेब इंग्रजीत लांबलचक काहीतरी म्हणायचे. भाऊंची जीभ तिथे अडखळायची. म्हणून त्यांनी सरळ बारसंच करून टाकलं. “चिपला अक्कल लय, पन डोळं न्हाईत, त्वांड न्हाई. शेजारी नसतील तर ती एकटी करती काय, कपाळ?” पुढे पुढे साहेबही कागदांवर ‘शेजारी’ लिहायला लागले.

तपासणी म्हणजे खरं तर विचारपूसच. बटण दाबलं की म्हणायचे, “ऐकू येतं न्हवं?” दिवा लागला की, “उठलास व्हय?” बझरची पाळी आली की मात्र बोर्डावर पालथा हात ठेवून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, “बोलला!” आम्हाला वाटायचं, काय रुबाब आहे म्हाताऱ्याचा. मी तर घरी त्यांची नक्कलही करून दाखवायचे.

साहेबांना एक खोड होती. तपासणाऱ्याची झोप उडावी म्हणून ते अधूनमधून बिघडवलेला बोर्ड रांगेत सरकवायचे. एका दुपारी त्यांनी बझरची तार तोडून ठेवली. भाऊंनी हात ठेवला, डोळे मिटले. नेमकी त्याच वेळी मालगाडी आली आणि टेबल थरथरू लागलं.

“बोलला!” भाऊ खुशीत म्हणाले. “आज लय मोकळा बोलला!”

आम्ही खो खो हसलो. साहेबांनी तुटकी तार त्यांच्यापुढे धरली, तसे आम्ही हसायचे थांबलो. भाऊंनी तारेकडे पाहिलं, मग हळूच कानाला हात लावला.

“दोन्ही गेल्यात, शेजारीसाहेब. तुमचं बोलनं व्हटांवरनं वळखतो. ह्ये टेबल सुटंल म्हून बोललो न्हाई.”

मला रडूच कोसळलं. ज्याला ऐकू येत नाही त्याच्या हातात बझरची तपासणी कोण ठेवणार? टेबल सुटलं तर त्यांच्या वाट्याला गोदामातले खोके येणार होते. आणि तिथे बोलायला एकही शेजारी नव्हता.

साहेब माझ्या जागेवर येऊन बसले. बझरच्याच तारेत त्यांनी एक लाल दिवा ओवला, तुटकी तार जोडली आणि बटण दाबलं. बझर वाजला, दिवा लागला. त्यांनी तार पुन्हा सोडवली. बझर गप्प, दिवाही गप्प. मग भाऊंसमोर उभे राहून, ओठ नीट दिसतील असे सावकाश म्हणाले, “भाऊ, एका शेजाऱ्याचा आवाज पोचला नाही, तर दुसऱ्याने निरोप द्यायचा असतो ना?”

भाऊंनी दिव्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. “व्हय,” म्हणाले, “पन ह्यो शेजारी जरा चोंबडा हाय. समद्यास्नी सांगतोय!” त्या दिवशी चहा साहेबांनी पाजला.

तेव्हापासून आमच्या प्रत्येक बोर्डावर बझरशेजारी दिवा असायचा. कॉलेजवाल्यांना वाटायचं, शोभेला लावलाय.

भाऊ निवृत्त झाल्यावर मी आंबीला त्यांच्या घरी गेले. ते पाठमोरे बसून शेंगा निवडत होते. मी हाक मारली नाही. दाराच्या चौकटीवर जुन्या बोर्डाचं एक बटण होतं, ते दाबलं. त्यांच्यासमोरच्या भिंतीवर लाल दिवा लागला.

वळूनही न पाहता भाऊ म्हणाले, “या शेजारी! शेंगा लय हायत, हात लावा.”