मागच्या सीटवरचं वजन

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. भाचीच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी राहिली होती, त्यावर लिहिते आहे. कुणाला दाखवायचं नाही, पण कुणाच्या हाती लागलंच तर हसू नये. चार माणसांत माझा आवाज निघत नाही. एक भागाकार तेवढा चांगला येतो. गाडीत काहीतरी आहे हे मला पहिल्यांदा कळलं ते त्या भागाकारातूनच.

आमचे हे वीस वर्षं मार्केटमध्ये दुसऱ्याचा टेम्पो चालवायचे. मालकाने टेम्पो विकला तेव्हा ह्यांनी ठरवलं, आता स्वतःचीच घ्यायची. पिवळ्या पाटीची छोटी नवी गाडी, सीएनजीवरची. काम पण मिळालं. करंजाड्याच्या तीन मुलींना सकाळी महाप्याच्या ऑफिसात सोडायचं आणि संध्याकाळी परत न्यायचं. पैसे महिन्याचे ठरलेले. म्हणजे गॅस जास्त लागला तर तो आपल्याच खिशातून. आम्ही राहतो बोनकोड्यात, त्यामुळे करंजाड्यापर्यंत जाताना आणि येताना गाडी रिकामीच असायची.

बाकीचं कर्ज बँकेचं होतं, पण सुरुवातीला भरायला पन्नास हजार कमी पडत होते. माझी धाकटी बहीण शिरवण्याला राहते. तिचे मालक, म्हणजे आमचे पाव्हणे, आदल्या वर्षी रबराच्या कारखान्यात पाळीवर असतानाच खाली पडले, ते उठलेच नाहीत. कारखान्याने थोडे पैसे दिले होते. बहिणीने मला विचारलं, "आक्का, तू तोंड उघडणार न्हाईस, मला ठावं हाय. किती कमी पडत्यात?" मी बोटं दाखवली. तिने दिले. एवढंच म्हणाली, "पोरीला नर्सिंगला घालायचं हाय. जुलैपातूर आलं म्हंजे झालं."

ते पैसे तिच्या मालकांच्या जिवाचे होते. पाव्हणे जिवंत असताना दर रविवारी ह्यांची मस्करी करायचे, "साडू, घ्या की स्वतःची गाडी. मी मागं डाव्या बाजूला बसणार, शेठसारखा. भाडं मागायचं नाय, सांगून ठेवतो."

शोरूममधल्या मुलाने सांगितलं होतं, किलोला तीस किलोमीटर अॅव्हरेज देते. हे रोज पंपावरची पावती आणून द्यायचे, किलोमीटरचा आकडा सांगायचे आणि मी भाजी चिरून झाली की वहीत भागायचे. पहिल्या आठवड्यात अठरा आले. मला वाटलं माझंच चुकलं. परत भागलं. अठराच.

"पंपावर प्रेशर नव्हतं," हे म्हणाले.

दुसऱ्या आठवड्यात अठरा, तिसऱ्यातही अठरा. महिन्याच्या शेवटी बँकेचा हप्ता आणि गॅस जाऊन हातात जे उरलं त्यातून बहिणीला दोनच हजार देता आले. पुढच्या दोन महिन्यांतही दोन-दोनच. असंच चाललं असतं तर जुलैपर्यंत निम्मेसुद्धा झाले नसते आणि भाचीचं वर्ष गेलं असतं. बहीण काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.

हे म्हणायचे, "रिकामी गाडी भरल्यासारखी चालती. पुलावर चढताना तर कुनीतरी मागं बसल्यागत वडती." गॅसच्या रांगेत ओळखीचे ड्रायव्हर होते. एकजण माझ्यासमोरच ह्यांना म्हणाला, "काय काका, एवढा गॅस पिते? मागं भूतबीत बसवलंय काय फुकटात?" सगळे हसले. हे हसले नाहीत. हे मस्करीत कधी मागे राहत नाहीत, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं.

सर्व्हिसिंगला नेली. तिथल्या पोराने कॉम्प्युटर लावून पाहिलं. म्हणाला, "काका, गाडीत काही नाही. हवा बरोबर ठेवा, रिकामी असेल तेव्हा एसी बंद करा, डिकीतलं सामान काढा. आणि क्लचवर पाय ठेवून चालवत नाही ना?"

"वीस वर्सं टेम्पो चालवलाय," हे म्हणाले. "मला शिकवतोस व्हय रं?"

आम्ही दर सोमवारी हवा बघायला लागलो. डिकीतून जुनी ताडपत्री, साखळी, पाण्याचा कॅन काढला. एसी बंद केला. अठराचे एकोणीस झाले.

मी गाडीत बसायचे ती फक्त रविवारी, बहिणीकडे जायला. पुढच्या सीटवर कधी बसले नव्हते. आमच्या घरात पुढे पुरुषमाणूस बसतो, कुणी नसेल तर ती सीट रिकामी राहते. मी मागे उजव्या बाजूला, ह्यांच्या पाठीमागे. अशाच एका रविवारी दुपारी खाडीच्या बाजूच्या रस्त्याने जाताना घंटी वाजायला लागली. टिंग, टिंग, टिंग. पट्टा लावला नसला की वाजते ती. माझा पट्टा लावलेला होता. ह्यांचाही होता. दोन्ही बाजूंना खारफुटी, रस्ता मोकळा आणि ती घंटी थांबेना. ह्यांनी रेडिओ मोठा केला.

मग वास आला. करपलेल्या रबराचा. पाव्हणे कामावरून थेट आमच्याकडे जेवायला यायचे, तेव्हा त्यांच्या शर्टाला अगदी हाच वास असायचा. बहीण तो शर्ट दोनदा धुवायची तरी जायचा नाही. मी हळूच डावीकडे पाहिलं. सीट रिकामी होती. काच बंद होती. मी पदर नाकाला लावला आणि शिरवणे येईपर्यंत मान वळवली नाही.

त्यानंतरच्या दोन रविवारीही तसंच झालं. तिसऱ्या रविवारी माझा हात मागच्या दाराकडे जाईना. मी पुढचं दार उघडून बसले.

"आज पुढं?" ह्यांनी विचारलं.

मी मान हलवली. भीती वाटते असं सांगायची लाज वाटली. पण पुढे बसल्यावर मला दिसलं की घंटी वाजते तेव्हा समोर काचेखाली सीटांची छोटी छोटी चित्रं येतात. मागच्या डाव्या सीटचं चित्र लाल होतं. म्हणजे माझ्या बरोबर मागे. वर बघवेना म्हणून मी खाली बघत बसले आणि तेव्हा मला ह्यांचा डावा पाय दिसला. रस्ता सरळ होता, गिअर बदलायचा नव्हता, तरी पाय क्लचवर दाबून ठेवलेला. सिग्नल आला, गेला. पाय तिथंच.

बऱ्याच वेळाने मी म्हणाले, "अहो, पाय."

"काय झालं पायाला?"

"क्लचवर आहे. त्या पोराने विचारलं होतं."

ह्यांनी खाली पाहिलं. दुसऱ्याच कुणाचा पाय बघावा तसं. मग गाडी कडेला घेतली. रेडिओ बंद केला. घंटी वाजतच होती.

"टेम्पोत मी कवा बी असा पाय ठिवला न्हाय," हे म्हणाले. "ह्या गाडीत निघतच न्हाय गं. मागं बसलेला मानूस कुठं बी उतरतो म्हनंल असं वाटतं. पहिल्या दिवसापास्नं वाटतं."

"रोज वाजते घंटी?"

"रोज. पोरी उतरल्या की चालू."

इतके दिवस दोघंही एकमेकांपासून लपवत होतो. ह्यांना वाटलं मी घाबरेन. मला वाटलं हे हसतील.

आता बहिणीला सांगणं आलं. ते मला सगळ्यात अवघड होतं. पैसे वेळेवर येत नाहीत आणि वर हिच्या मेलेल्या नवऱ्याचं नाव पुढे करते, असं तिला वाटलं असतं तर तिची चूक नव्हती. मी तिच्या मोरीजवळ उभी राहून, तिच्याकडे न बघता सगळं सांगितलं. घंटी, लाल चित्र, वास, पाय. ती भांडी घासत होती. नळ बंद केला, हात पुसले, चप्पल घातली.

"चल, दाव मला."

ती मागे उजवीकडे बसली, मी पुढे. गाडी शिरवण्यातून बाहेर पडून मोठ्या रस्त्याला लागली आणि घंटी सुरू झाली. बहिणीने शेजारच्या सीटवर तळहात ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला.

"गार हाय," ती म्हणाली. गाडी दुपारच्या उन्हात तापली होती आणि तिच्या बाजूची सीट चटके देत होती.

मग तिने डाव्या बाजूचा पट्टा ओढला आणि रिकाम्या सीटवरून आणून खटकन लावला. घंटी थांबली. समोरचं लाल चित्र गेलं.

"आमच्या ह्यांना पट्ट्याची सवय न्हवती," बहीण म्हणाली. "हेल्मेट बी कवा घातलं न्हाय." आणि सीटकडे वळून, घरात बोलावं तसं बोलली, "पैसं जुलैला येनार हायती. आक्का बुडवायची न्हाय. उगं मागं लागू नका त्यांच्या."

मी ह्यांच्या पायाकडे बघत होते. "पाय खाली," मी म्हणाले. पाय उचलला गेला, थोडा अधांतरी राहिला आणि खालच्या चटईवर टेकला. मला गाडीतलं काही कळत नाही, पण इंजिनचा आवाज त्याच क्षणी हलका झाला.

तेव्हापासून हे सकाळी निघायच्या आधी रिकाम्या सीटचा पट्टा लावतात. मुली बसायला आल्या की काढतात, उतरल्या की परत लावतात. मी रविवारी पुढेच बसते आणि पायावर नजर ठेवते. पहिल्या आठवड्यात बावीस आले, पुढे चोवीस, मग पंचवीस-सव्वीसवर थांबलं. तीस काही आले नाहीत. शोरूममध्ये सांगतात तेवढे कुणालाच येत नाहीत म्हणे. वास गेला. पुढच्या सर्व्हिसिंगला त्या पोराने सांगितलं, क्लचप्लेट करपत होती, अजून महिनाभर तसंच चाललं असतं तर बदलावी लागली असती. घंटीचं विचारलं तर म्हणाला सीटमध्ये पाणी मुरलं असेल. नव्या गाडीच्या पूजेच्या दिवशी मागच्या सीटवर कलश लवंडला होता खरा. तसंच असेल.

पण एक गोष्ट मी ह्यांनाही सांगितलेली नाही. मे महिन्यात एकदा दुपारी गाडी पुसत होते. रिकाम्या सीटवर लावलेला पट्टा पाठीला चिकटून सपाट पडलेला असतो. त्या दिवशी तो सीटपासून चार बोटं पुढे होता, पोट असलेल्या माणसाने लावल्यासारखा. मी फडका तिथंच टाकून घरात गेले. तासाभराने आले तेव्हा पट्टा सपाट होता. पाव्हण्यांना थोडं पोट होतं.

फेब्रुवारीपासून बहिणीला महिन्याला आठ हजार द्यायला जमले. जूनला सेहेचाळीस झाले होते. जुलैत नर्सिंगची यादी लागली, त्यात भाचीचं नाव होतं. फी भरायला चार दिवस असताना आम्ही शिरवण्याला गेलो. मी कमरेच्या पिशवीतून उरलेले चार हजार काढून बहिणीच्या हातात ठेवले.

"मोज," मी म्हणाले.

"तू मोजलंस न्हवं?"

"तरी मोज."

तिने नोटा भाचीकडे दिल्या. भाची मोजत होती, मी तिच्या बोटांकडे बघत होते आणि हे दारात उभे होते. आठ नोटा, पाचशेच्या.

"बरोबर आहेत मावशी," भाची म्हणाली. "पन्नास पूर्ण झाले."