कोरडी चालणारी मोटर

गेल्या मे महिन्यात आमच्या जालन्याच्या घरी पाण्याच्या तीन मोटरी होत्या. एक बोअरमध्ये, एक कूलरमध्ये आणि एक कॉम्प्युटरमध्ये. पहिल्या दोघींशी माझं उत्तम जमायचं.

तिसरी आमच्या लेकीच्या, ऋचाच्या कॉम्प्युटरची. ती घरांची चित्रं काढते. म्हणजे भिंत अजून उभीही नसते आणि ही आपल्याला स्वयंपाकघरातून गच्चीपर्यंत फिरवून आणते. त्या कामात कॉम्प्युटरचा प्रोसेसर इतका तापतो की त्याच्या डोक्यावर पाणी फिरवावं लागतं. छोटी मोटर, दोन रबरी नळ्या, पुढं जाळी आणि पंखे. हे सगळं कॉम्प्युटर घेतानाच तिनं मला समजावलं होतं. मी मान डोलावली होती. (मान डोलावणं ही माझी जुनी सवय. बदनापूरच्या ऑफिसात तिच्यावर माझी बावीस वर्षं निघाली.)

आता कबुली देतो. रविवारी ऋचा मैत्रिणीकडे गेली असताना मी तिचा कॉम्प्युटर उघडला. हेतू शुद्ध होता! धूळ झाडायची होती. झाडली, चालू करून पाहिला, तर आतून बारीक घूंऽऽऽ असा आवाज. मी शेतकऱ्याचा मुलगा. मोटरचा आवाज येतो म्हटल्यावर माझा हात आपोआप नळीवर गेला. लहानपणी वडील हेच करायला लावायचे: नळीला हात लाव, पाण्याची थरथर लागते का बघ. लागली नाही, तर मोटर कोरडी चालली; पळ आणि बटण बंद कर, नाहीतर जळाली!

थरथर लागली नाही.

मी मोटरची वायर काढली. नुसती काढली नाही, तर नीट गुंडाळून मागच्या बाजूला दिसणार नाही अशी खोचून ठेवली. मोटर वाचवल्याच्या समाधानात दुपारी झकास झोपलो आणि ऋचाला सांगायचं साफ विसरलो.

सोमवारी तिची परीक्षा होती. पुण्याच्या एका कंपनीनं नोकरीसाठी एका घराचा व्हिडिओ मागवला होता, संध्याकाळी पाचच्या आत. चित्रं तयार होती. कॉम्प्युटरनं फक्त अडीच तास बसून व्हिडिओ बनवायचा होता. मी मुद्दाम रजा टाकली होती. (धीर द्यायला!)

सकाळी दहाला तिनं काम सुरू केलं. पाचव्या मिनिटाला कॉम्प्युटर बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद.

"पप्पा, प्रोसेसर शंभर डिग्रीला चाललाय! काल कुणी हात लावला होता का?"

"धूळ झाडली थोडी," मी म्हणालो. हे खरं होतं. पूर्ण नव्हतं.

ती उठली की गुपचूप वायर जोडू, असं ठरवलं. पण ही पोरगी पाणी प्यायलासुद्धा उठेना! तेवढ्यात ठिबकच्या नळ्या घ्यायला आलेले माझे थोरले भाऊ, दादा, अंबडहून दारात हजर. दादा पंचक्रोशीतल्या मोटरी दुरुस्त करतात.

"काय करून राह्यले बाप-लेक?"

ऋचानं सांगितलं. दादांनी कॉम्प्युटरच्या बाजूच्या काचेतून नळ्या पाहिल्या आणि निकाल दिला.

"हवा धरली हिनं. उलटी करा."

"मोठे पप्पा, कॉम्प्युटर आहे तो!"

"मंग? पाणी हाय ना आत? पाण्याला काय म्हाईत कुठं हाय ते!"

ऋचा चित्रांसाठी तीन रात्री जागलेली. ती थकून "करा" म्हणाली. दादांनी एका बाजूनं धरला, मी दुसऱ्या बाजूनं. नेमकी तेव्हाच माझी बायको सुनंदा पदर खोचत बाहेर निघाली.

"अहो, मी शेजारी कुरडया घालायला चालले. बोअरची मोटर लावलीय. पंधरा मिनिटांचंच पाणी आहे बघा खाली. आठवणीनं बंद करा!"

"हो, हो!" मी उलट्या कॉम्प्युटरखालून ओरडलो.

आम्ही तो हलवला. आतून खण्णकन एक स्क्रू पडला. दादांनी तो शांतपणे खिशात टाकला. "ज्यास्तीचा असंल."

सुरू केला. बंद पडला. मग दादांनी कूलर ओढून त्याच्या तोंडासमोर लावला. ऋचाच्या कागदांवर तुषार सिंचन झालं. मग ते ओलं पोतं शोधायला लागले, तेव्हा ती किंचाळली. शेवटी पडद्यावरच्या एका आकड्यावर तिनं बोट ठेवलं.

"पंपाचा वेग शून्य. मोटर गेली. नवी आज मिळणार नाही." घड्याळात पावणेदोन. तिनं फोन उचलला. "कळवून टाकते पुण्याला, की मला जमणार नाही."

तिचा आवाज अगदी साधा होता. रडली असती तर मी कदाचित आणखी दहा मिनिटं तग धरला असता.

"ऋचा, थांब. मोटर गेली नाही. मी बंद केली."

"काय?"

"कोरडी चालली होती. म्हणजे मला वाटलं. नळीला हात लावला..."

दादांनी कपाळावर हात मारला. "अरे सुभाष! बंद मोटरची हवा काढायला लावली तू मला!"

ऋचानं मागं हात घातला, माझी नीट गुंडाळलेली वायर काढली आणि टक्‌दिशी जोडली. घूंऽऽऽ. तापमानाचा आकडा सरसर खाली आला. मी तिथंच जमिनीवर बसलो आणि तीन तास हललो नाही. कुठल्याच वस्तूला हात लावायचा नाही, एवढाच निश्चय होता.

पाचला सात मिनिटं कमी असताना व्हिडिओ पुण्याला गेला. ऋचा हसली. दादांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात अंगणातून सुनंदाचा आवाज आला.

"अहो! बोअरच्या बटणाच्या खोक्यातून जळका वास कसला येतोय?"

आम्ही धावलो. दादांनी नळीला हात लावला, क्षणभर डोळे मिटले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ही मातर बराबर कोरडी चालली हां."

ऋचाला नोकरी लागली. ती पुण्याला गेली आणि कॉम्प्युटर घेऊन गेली. बोअरमध्ये नवी मोटर आली. तिच्या बटणाच्या खोक्याला सुनंदानं कुलूप लावलंय. माझ्याकडे आता फक्त कूलर उरलाय. काल त्याला हात लावायला गेलो, तर पुण्याहून फोन आला, "पप्पा, आई सांगत होती..."