आमच्या काकांच्या लग्नाला यायचं हं

दुसऱ्या लग्नानंतर चार महिन्यांनी मी वकिलाकडे गेलो आणि मी गरीब असल्याचं मला तिथं कळलं. तोवर मला तसं कधी वाटलं नव्हतं.

खापरखेड्याच्या वीज केंद्रात मी नोकरीला आहे. पगार वेळेवर होतो, राहायला वसाहतीत क्वार्टर आहे, आणि खिडकीवर रोज साचणारी राख पुसण्यापलीकडे आयुष्यात फार कटकट नाही. पहिल्या बायकोशी फारकत झाली तेव्हा मुलगी आठ वर्षांची होती. ती आईकडे, नागपुरात राहते. तिच्यासाठी न्यायालयानं ठरवून दिलेली पोटगी मी चार वर्षं देत आलो. कुरकुर केली नाही असं म्हणवत नाही, पण देत आलो.

दुसरं लग्न झालं आणि वसाहतीतल्या मित्रांना माझी काळजी वाटू लागली. ड्यूटी सुटल्यावर चहाच्या टपरीवर ते मला समजावत, की संसार नवा, खर्च नवा, मग पोटगी तेवढी जुनीच काहून? एकाच्या मेव्हण्यानं असाच अर्ज करून रक्कम निम्म्यावर आणली होती. त्या मेव्हण्याचं नाव ते एखाद्या पराक्रमी माणसासारखं घेत. मीही ऐकत गेलो. खरं सांगायचं तर मला ऐकायचंच होतं.

वकीलसाहेबांनी अर्ज झकास लिहिला. पुनर्विवाहामुळे अर्जदाराच्या परिस्थितीत मूलभूत बदल झालेला आहे. अर्जदाराची आई वृद्ध आहे. अर्जदाराचा विवाह अत्यंत साधेपणानं पार पडला, तरीही त्यास कर्ज झाले. अर्जदाराची पत्नी सर्वस्वी त्याच्यावर अवलंबून आहे. वाचता वाचता मला स्वतःचीच दया येऊ लागली. माझी पहिली बायको या अर्जात गैरअर्जदार क्रमांक एक होती आणि मुलगी गैरअर्जदार क्रमांक दोन. ते जरा खटकलं, पण कोर्टाची भाषा अशीच असते, असं मी मनाला सांगून सही केली.

अर्ज घरी आणला आणि तो बायकोच्या हाती लागला. नागपुरातल्या महाल भागात, माहेरच्या पुढच्या खोलीत अकरा वर्षं तिचं पार्लर आहे, आणि लग्नसराईत तिला जेवायला वेळ मिळत नाही. तिनं ते ‘सर्वस्वी’चं वाक्य दोनदा मोठ्यानं वाचलं.

“मी कोणावर अवलंबून आहो?” ती म्हणाली. “तुमच्या रिसेप्शनच्या सुटाचे पैसे कोणी देल्ले होते?”

मी कोर्टाच्या भाषेचं पुन्हा सांगितलं. भाषा कोर्टाची असो की कोणाची, ते वाक्य काढा, एवढंच ती म्हणाली. मी वकीलसाहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, ते काढलं तर अर्जात उरते काय? वाक्य राहिलं. त्यानंतर बायको ताट वाढायची, पण माझ्याशी बोलायची नाही.

तारखेच्या दिवशी आम्हाला आधी समुपदेशक बाईंपुढे बसवलं. वयस्क, शांत बाई होत्या. समोर माझी पहिली बायको आणि तिचे वकील. भाजीवाल्यानं मापात मारल्यावर बाया जशा बघतात, तशी ती माझ्याकडे बघत होती. तिच्या वकिलांनी फार काही न बोलता एक वस्तू टेबलावर ठेवली. ती माझ्या लग्नाची पत्रिका होती.

बाईंनी चष्मा लावला आणि वरच्या गणपतीपासून सावकाश, मोठ्यानं वाचायला घेतली. साक्षगंध, हळद, लग्न, स्वागत समारंभ. सगळं एका मोठ्या मंगल कार्यालयात. “साधं लग्न होतं म्हणता?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, घरच्यांची हौस. ते खोटं नव्हतं. पत्रिका छापायची गरज काय, असं मी म्हटलं होतं, तेव्हा माझा मोठा भाऊच म्हणाला होता, दुसरं असलं म्हणून काय झालं गा, लग्न ते लग्नच. अर्थात मीही फार ताणून धरलं नव्हतं.

बाई वाचत वाचत पत्रिकेच्या तळाशी आल्या. तिथं, जशी आपल्याकडे असते, घरातल्या लहान पोरांची ओळ होती: आमच्या काकांच्या लग्नाला यायचं हं. आणि खाली चार नावं.

“ही पहिली मुलगी कोण?”

“माझी,” मी म्हणालो.

“मग तुम्ही तिचे काका कसे?”

  पत्रिका छापून सहा महिने होऊन गेले होते आणि ती ओळ मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होतो.

झालं होतं ते असं. दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाचं लग्न झालं. त्याची पत्रिका महालातल्याच एका छपाईवाल्याकडे केली होती. त्यात ही ओळ बरोबर होती. माझी मुलगी पोरांमध्ये सगळ्यात मोठी, म्हणून तिचं नाव पहिलं. तेव्हा ती लग्नाला आलीही होती, काकाच्या गाडीत पुढं बसून, मेंदीचे हात सगळ्यांना दाखवत. माझ्या वेळी मोठ्या भावानं छपाईवाल्याला सांगितलं, मागचीच पत्रिका चांगली होती, तीच ठेव, नवरा-नवरी अन् तारीख बदल. छपाईवाल्यानं सांगितलं तेवढंच बदललं.

प्रूफ माझ्या मोबाइलवर आलं होतं. ते मी बारकाईनं तपासलं. माझ्या नावाखाली नुसतं ‘तंत्रज्ञ’ पडलं होतं, ते ‘वरिष्ठ तंत्रज्ञ’ करून घ्यायला मी दोनदा फोन केला. त्या ओळीच्या खाली माझी नजर गेलीच नाही. मग तीनशे पत्रिका आल्या. माझं अक्षर बरं, म्हणून पाकिटांवर नावं घालायचं काम मी स्वतःकडे घेतलं होतं. अशी तीनशे घरांत माझ्या मुलीनं आपल्या काकांच्या लग्नाचं आमंत्रण दिलं. ज्यांनी ती ओळ वाचली असेल, त्यांनी माझ्या तोंडावर काही म्हटलं नाही. येऊन जेवून गेले. त्यातली एक पत्रिका माझ्याच आत्यानं मोठ्या हौसेनं पहिल्या बायकोच्या घरी नेऊन दाखवली आणि तिथंच ठेवून आली.

समुपदेशक बाईंनी पत्रिका माझ्याकडे सरकवली. तेव्हा मला निळी शाई दिसली. ‘काकांच्या’ या शब्दावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली होती आणि वर गोल, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘बाबांच्या’. बाकी कुठं काही खाडाखोड नव्हती. ते अक्षर मी ओळखलं. पहिलीत असताना ते मीच तिच्याकडून गिरवून घेतलं होतं.

समोरचे वकील बोलायला लागले, की अर्जदार स्वतःच्या मुलीला मुलगी मानायलाही तयार नाही, हे या पत्रिकेवरून... माझ्या पहिल्या बायकोनं त्यांच्या फाइलवर हात ठेवला आणि म्हणाली, “राहू द्या.” तिनं मला आजवर पुष्कळ ऐकवलं आहे, पण त्या दोन शब्दांइतकी लाज मला कशानंच वाटली नव्हती.

मी अर्ज मागे घेतला. वकीलसाहेब हळहळले. एका पत्रिकेनं काय होते, केस अजून मजबूत आहे, म्हणाले. कारण काय लिहू, असं त्यांनी विचारलं आणि त्यांनीच लिहून टाकलं, आपसांत समजोता झाल्यामुळे. फी परत मिळत नाही, हेही त्यांनी सांगितलं. घरी आलो तर बायकोनं विचारलं, वाक्य काढलं का? मी म्हणालो, अर्जच काढला. त्या रात्री ती माझ्याशी बोलली.

महिन्यातले दोन शनिवार मुलगी मला भेटते. त्या शनिवारी मी जरा छाती फुगवूनच गेलो होतो. आपण केवढा त्याग केला, हे तिला कधीतरी समजेल, असं काहीतरी डोक्यात होतं. शाळा सुटल्यावर आम्ही नेहमीच्या दुकानात बसलो. तिनं आलूबोंडा घेतला, तर्री जास्त. मी विषय काढला. म्हणालो, तू पत्रिका दुरुस्त केलेली पाहिली, छान केलंस, ती छपाईवाल्याची चूक होती.

“हो, चूकच होती न,” ती म्हणाली. “म्हणून केली दुरुस्त.”

मला बरं वाटलं. तिला राग आलेला नव्हता. अक्षर किती सुधारलं तुझं, असंही मी वर म्हणालो. ती खात राहिली. मग तर्रीत चमचा फिरवत, माझ्याकडे न बघता, तिनं विचारलं, “सगळ्यांले तर मीच बोलावून राहिली होती न, बाबा. मग मलेच काहून नाही बोलावलं?”

लग्नाच्या वेळी माझ्याकडे कारणं होती. तिला अवघड वाटेल, तिची आई पाठवणार नाही, पाहुणे नको ते बोलतील. ती मी सगळ्यांना सांगितलीही होती आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. तिच्यापुढे त्यातलं एकही बाहेर पडेना.

“राहून गेलं,” मी म्हणालो.

ती म्हणाली, “अच्छा,” आणि पाणी प्यायली. पाकिटांवरची तीनशे नावं मी माझ्या हातानं लिहिली होती, हे मी तिला सांगितलं नाही.