झोळ्यांची शाळा

"ही शाळा आहे की बाळंतिणीची खोली?" दिपोटीसाहेबांनी बूट काढायच्या आधीच विचारलं.

त्यांची नजर वर होती. आमची शाळा भैरोबाच्या देवळात भरायची आणि देवळाच्या तुळईला जुन्या लुगड्यांच्या चार झोळ्या टांगलेल्या होत्या. एकीतनं इवलासा पाय बाहेर आलेला. खाली चौथीच्या मुली झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून शुद्धलेखन लिहीत होत्या. हात पाटीवर, पाय झोक्यावर. मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. साहेबांना दिसलं.

दिपोटी म्हणजे शाळा तपासणारा साहेब. वर्षअखेरीला तो यायचा, प्रत्येक वर्गाची परीक्षा स्वतः घ्यायचा आणि शेरा लिहून जायचा. संस्थान नुकतंच विलीन झालं होतं, कारभार नवा होता, आणि लहान शाळा शेजारच्या गावाला जोडून टाकायचं वारं सुटलं होतं. आमच्या शेजारचं गाव ओढ्यापलीकडे. गगनबावड्याकडचा पाऊस एकदा लागला की तो ओढा मोठ्या माणसालाही उतरू देत नाही. शाळा तिकडे गेली असती तर मुलगे कसेबसे गेले असते. मुलींना कुणी पाठवलं नसतं. सगळ्यात आधी हौसा घरी बसली असती, आणि तिच्यासारखी पोर माझ्या वर्गात दुसरी नव्हती.

आता झोळ्या कशा आल्या ते सांगते. पट म्हणजे शाळेत नाव घातलेली पोरं, आणि हजेरी म्हणजे खरोखर येऊन बसलेली. मी कोल्हापुरातनं बदलून आले तेव्हा पट झकास होता, पण मुलींच्या बाजूला नुसती सतरंजी. मी घरोघर फिरले. हौसाची आई गोठ्यात शेण काढत होती. हातातलं काम न थांबवता ती म्हणाली, "पोरगी शाळंत बसली तर धाकट्याला कोण बघणार? तुमी येताय व्हय, बाई?"

"मी कशाला येऊ? त्यालाच तिच्याबरोबर पाठवा की," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी हौसा भावाला कडेवर घेऊन हजर. आठवडाभरात बाकीच्याही आल्या, आपापलं गाठोडं घेऊन. गावातल्या आयांना शेतातलं तण काढायला, भांगलणीला, मोकळं रान मिळालं आणि मला मुली मिळाल्या. ट्रेनिंग कॉलेजात हे कुणी शिकवलं नव्हतं, पण चालत होतं ना? मग झालं तर.

साहेबांना हे सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली. म्हणाले, ज्यांचं नाव पटावर नाही त्यांना शाळेत बसवता येत नाही, शिस्त बिघडते. परीक्षा होईतो ही बाळं बाहेर न्या.

मला राग आला. पण साहेबाशी वाद घालून शेरा बिघडवण्याइतकी मी खुळी नव्हते. मी मुलींना म्हटलं, "साहेब सांगतात तसं करा."

मुलींनी झोळ्या सोडल्या, बाळं कडेवर घेतली आणि त्याही बाहेर गेल्या. साहेबांनी हा विचारच केला नव्हता. त्यांच्या गावी बाळ असं कुणाच्याही हवाली करता येत असेल. आमच्याकडे धाकटं टाकून आलेल्या पोरीला आईनं उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं.

चौथीचे म्हणून आत उरले दोन मुलगे. त्यातला गणपा देहानं धिप्पाड, हिशेबात अगदीच कच्चा. साहेबांनी नेमका त्यालाच उभा केला.

"सात पायल्या भात. शेर किती?"

गणपानं छताकडे बघितलं. मग भैरोबाकडे बघितलं. तेवढ्यात बाहेरनं आवाज आला, "अठ्ठावीस."

साहेबांनी भुवया चढवल्या आणि दुसरा हिशेब घातला. गणपा गप्प. बाहेरनं उत्तर आलं, तेही बरोबर. पुस्तकातली कविता म्हणायला सांगितली, तर गणपा पहिल्याच ओळीत अडकला आणि पुढच्या ओळी अंगणातनं तालावर ऐकू यायला लागल्या.

"कोण बोलतंय ते?" साहेब म्हणाले.

"आमची चौथी बोलतेय, साहेब. तुम्ही बाहेर काढलेली."

साहेब उठले आणि दारात गेले. हौसा भावाला थोपटत येरझारा घालत होती, बाकीच्या तिच्यामागं. त्यांना बघून ती घाबरली नाही. सरळ म्हणाली, "सायेब, आमची परीक्षा कवा घेणार? ह्यो आता निजंल, मग मी मोकळी."

 साहेबांनी खुर्ची बाहेर आणवली. पिंपळाच्या पारावर चौथीची परीक्षा झाली, वाचन झालं, पाढे झाले. एक बाळ मध्येच भोकाड पसरून रडलं तेव्हा साहेबांनी प्रश्न थांबवला आणि ते गप्प झाल्यावर पुढे चालू केला. हौसा पहिली आली. गणपा नापास झाला आणि त्याबद्दल कुणालाच नवल वाटलं नाही.

शेरा चांगला पडला आणि शाळा तिथंच राहिली. हौसा नंतर सातवीच्या फायनलपर्यंत शिकली. इतकं समाधान मला पुढं हेडबाई झाले तेव्हाही झालं नाही.

पोर शाळेत का येत नाही हे पोराच्या घरी जाऊन विचारावं, एवढंच मी नोकरीत शिकले. बाकी वरून हुकूम येतातच. झोळ्यांबद्दलही आला. साहेबांनी परवानगी दिली होती, मात्र लहान बालकांनी वर्ग चालू असताना आवाज करू नये, अशी सक्त ताकीद होती. मी तो हुकूम झोळ्यांखाली उभी राहून मोठ्यानं वाचून दाखवला. दोन बाळं झोपली होती. बाकीच्या दोघांनी भोकाड पसरलं.