बॅटरी जपणारे इकबालभाई

पळायला निघण्याआधी इकबालभाई पाच मिनिटं नुसते उभे राहायचे. गांधारी नदीच्या पुलाअलीकडे रस्ता सोडून मोकळ्या जागेत, डावा हात छातीसमोर आडवा धरून, घड्याळाची तबकडी आभाळाकडे करून. दुधाच्या गाडीवरची माणसं वळून बघायची. आम्ही पाचसहा जण थंडीत पाय झटकत त्यांच्यासाठी ताटकळायचो. "झालं का, इकबालभाई?" असं कोणी विचारलं, की मान न हलवता म्हणायचे, "थांबा रे जरा. उपग्रह उभ्याउभ्या सापडू द्या. पळता पळता शोधायला लावलं तर जास्त खातंय ते."

ते म्हणजे घड्याळ, आणि ते खायचं बॅटरी. उपग्रहांवरून अंतर आणि वेग सांगणारं तसं घड्याळ तेव्हा महाडात दुसऱ्या कोणाकडे नव्हतं. इकबालभाई चौदा वर्षं शारजात विजेच्या कामावर होते. दोन हजार सालानंतर चारपाच वर्षांनी ते कायमचे परत आले आणि बाजारात पंपाच्या मोटारी दुरुस्त करण्याचं दुकान टाकलं. येताना लोक सोनं आणतात, टीव्ही आणतात. यांनी एवढं मोठं, काडेपेटीच्या आकाराचं घड्याळ आणलं.

मी हायस्कूलमध्ये शास्त्र शिकवायचो. पहाटे पळणाऱ्यांची ती मंडळी मी जमवली होती. पुण्याच्या, साताऱ्याच्या शर्यतींत जाऊन आलेला गावातला मी एकटाच, म्हणून मुलं मला पळणारे सर म्हणत. इकबालभाई आले आणि दोन महिन्यांत आमच्या गप्पांचा विषय बदलला. आज किती झालं, चढाला वेग किती पडला, सगळे त्यांच्या मनगटाला विचारू लागले. इतकी वर्षं अंतराचे अंदाज मी सांगत आलो होतो. शिरगावपर्यंतचं माझं अंतर त्या घड्याळाने चारचौघांत खोटं पाडलं, तेव्हा मी हसलो. घरी येऊन मात्र बायकोवर उगाच चिडलो.

पुढे मुख्याध्यापकांनी त्यांना शाळेत बोलावलं, तेही माझ्याच तासाला. उपग्रह जागा कशी ओळखतात, हे मी दोन वर्षं वहीत उतरवून देत होतो. इकबालभाईंनी दुकानातून तीन दोऱ्या आणल्या. तीन मुलींना वर्गाच्या तीन कोपऱ्यांत उभं केलं, प्रत्येकीच्या हातात एका दोरीचं टोक दिलं आणि उरलेली तीन टोकं स्वतःच्या मुठीत धरली. "आता तिघी दोऱ्या ताणा. बघा, मी एकाच जागी उभा राहू शकतो. इकडे सरकलो तर हिची दोरी ढिली पडते, तिकडे सरकलो तर तिची." वर्गाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मागच्या बाकाजवळ उभा होतो, म्हणून माझा चेहरा कोणाला दिसला नाही.

घड्याळ पूर्ण भरलं की दहा तास चालायचं, आणि ते दहाचे अकरा, अकराचे बारा करण्याचा त्यांना ध्यास होता. दुकानाच्या खिडकीत ते ठेवून कशाने किती कमी होतं ते बघत बसायचे. तबकडीमागचा दिवा बंद केला. बटणांचे आवाज बंद केले. दर सेकंदाची नोंद काढून सावकाश नोंदीवर टाकलं. थंडीत बॅटरी लवकर बसते, म्हणून पूर्ण बाहीचा सदरा घालून घड्याळ बाहीखाली झाकायचे. चार पेन्सिल सेल एका डबीत बसवून वाटेत भरण्याची सोयही त्यांनी केली होती. आणि पळताना ते घड्याळाकडे बघायचेच नाहीत. "बॅटरी संपत नाय, सर," ते म्हणायचे, "आपण ती सांडतो."

एकच आवाज त्यांनी चालू ठेवला होता. छातीला ते एक पट्टा बांधायचे, त्यावरून नाडीचे ठोके घड्याळाला कळत. चढावर कधीकधी मनगटातून बारीक टीं-टीं व्हायचं, की इकबालभाई पळणं सोडून चालायला लागायचे. दमल्यावर घड्याळाचं निमित्त पुढे करतात, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. पण त्या चालण्या-पळण्यानेच त्यांनी एका हिवाळ्यात मला मागे टाकलं. महाडहून पोलादपूर आणि परत, अशी आमची आपापसातली शर्यत होती. मी पहिल्यापासून पुढे होतो. शेवटच्या टप्प्यात माझ्या पोटऱ्या आखडल्या आणि मागून त्याच एका चालीने पावलं वाजत आली. "सर, पाणी हाय का?" त्यांनी विचारलं, स्वतःची बाटली माझ्या हातात दिली आणि पुढे गेले. ते पाणी मी प्यायलो. अजून त्याची चव आठवते, चांगली नव्हती.

पुढच्या हिवाळ्यात महाड ते कुडपण आणि परत असा बेत ठरला. पोलादपूरपर्यंत हमरस्ता, मग डोंगर चढत कुडपणच्या पठारावर, आणि आल्या वाटेने उलट. दिवसभराचं काम. बाहेरगावचेही काही जण येणार होते. महिनाभर बाजारात एकच चर्चा, इकबालभाईंचं घड्याळ शेवटपर्यंत टिकतं का. मी पूर्ण करतो का, हे कोणी विचारलं नाही.

त्या पहाटे ते नेहमीसारखे पाच मिनिटं उभे राहिले. उपग्रह सापडले. तेवढ्यात अजान झाली. वजू करायला हात कोपरापर्यंत धुवावे लागतात, म्हणून त्यांनी घड्याळ काढलं आणि माझ्या हातात दिलं. "सर, एवढं धरा. तोंड आभाळाकडे राहू द्या. नमाज पढून आलोच."

मी शास्त्राचा शिक्षक. बटणं कशी चालतात ते वर्षभर बघून मला पाठ होतं. लोकांकडे पाठ केली आणि दिवा कायम चालू राहील असं करून ठेवलं. त्याला दहा सेकंदही लागले नसतील. इकबालभाई घाईघाईने आले तेव्हा मी घड्याळ पालथं धरलं होतं. मी स्वतःच ते त्यांच्या मनगटावर बांधलं आणि बाही खाली ओढून दिली. "थंडी आहे," म्हणालो.

"मेहरबानी," ते म्हणाले.

पुढे ते बघणार नाहीत, हे मला माहीत होतं. न बघण्याची त्यांची शिस्तच माझ्या कामी आली.

पोलादपूर सोडेपर्यंत ऊन आलं होतं. इकबालभाई माझ्या थोडे पुढे होते. मग कुडपणचा चढ लागला. मी कान देऊन होतो, पण तो टीं-टीं आवाज एकदाही आला नाही, आणि ते पळणं सोडून चालतही नव्हते; पुढे ते वळणाआड दिसेनासे झाले. बरंच वर गेल्यावर एका वळणावर ते दगडावर बसलेले दिसले. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, इतका आनंद मला पुण्याच्या शर्यतीतही झाला नव्हता. मग जवळ गेलो. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. बाही वर केलेली, घड्याळ काळंठिक्कर. दोन बोटं गळ्यावर टेकवून ते बसले होते.

"सर, तुमच्या घड्याळात सेकंदकाटा हाय ना? पंधरा सेकंद सांगा मला."

मी सांगितले. ते ओठ हलवत मोजत होते. आकडा मला सांगितला नाही, पण डोळे मिटून घेतले.

"काय झालं, इकबालभाई?"

"शारजात कामावर पडलो होतो. दिलाची नस बंद. दोन महिने इस्पितळात होतो." ते थांबून थांबून बोलत होते. "डॉक्टर म्हणाला, पळ, पण ठोके एका हद्दीच्या वर जाऊ देऊ नको. हे घड्याळ त्याच्यासाठी घेतलं. हद्द ओलांडली की ओरडतं. आज ओरडलं नाय, म्हणून मी समजलो सगळं ठीक हाय. कधीपासून बंद पडलंय, अल्लाला माहीत."

"आम्हाला कधी बोलला नाहीत."

"बोललो असतो तर तुम्ही लोकांनी घरी बसवला असता. फक्त माझ्या बीवीला, झुबेदाला ठाऊक हाय."

तासभर आम्ही तिथे बसलो. दर थोड्या वेळाने ते गळ्याला बोटं लावत आणि मी सेकंद सांगत होतो. वरच्या वाडीतून लाकडं घेऊन उतरणाऱ्या एका म्हातारीने त्यांना बघितलं. "आरं, ह्याला ऊन लागलाय, सावलीत घे की," असं माझ्यावर खेकसून ती गेली आणि जीपवाल्याला घेऊन आली. महाडला पोचलो तेव्हा दुपार टळली होती. डॉक्टरांनी त्यांना दोन दिवस ठेवून घेतलं.

आणि गावात माझं नाव झालं. इकबालभाईंसाठी सरांनी शर्यत सोडली. दवाखान्यात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते स्वतः हेच सांगत होते. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर माझं कौतुक केलं. इतकी वर्षं जे मला हवं होतं ते असं मिळालं, आणि मला जेवण जाईना.

चार दिवसांनी दुकानात गेलो. घड्याळ टेबलावर भरायला लावलेलं होतं, तबकडी उजळलेली.

"दिवा चालू राहिला होता," इकबालभाई म्हणाले. "वजूच्या घाईत माझाच हात लागला असेल. एवढं जपून शेवटी मीच सांडली, सर. झुबेदा बरोबर म्हणते, आता माझा मलाच भरवसा नाय. पळणं बंद."

त्यांनी छातीचा पट्टा गुंडाळून खणात टाकला. तेव्हा मी सांगितलं. उभ्याउभ्या, एका दमात, मान खाली घालून.

त्यांनी खण ढकलून बंद केला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "घड्याळ बंद पडलं त्याचं काय नाय. पण तासभर त्या दगडावर बसून मी माझ्या दिलावर शक घेतला, सर. तो तुमच्यावर घ्यायला पायजे होता." आणि त्यांनी पंपाची मोटार पुढ्यात ओढली. मी निघालो तरी त्यांनी वर बघितलं नाही.

थोड्या दिवसांनी ते पुन्हा पळायला लागले, पण एकटे, वीर स्टेशनच्या बाजूला. आमची मंडळी विचारायची, ते तिकडे का जातात. मी म्हणायचो, माहीत नाही. पावसाळा संपता संपता एका सकाळी ते माझ्या दारात उभे.

"माफ केलंय असं समजू नका," ते म्हणाले. "डॉक्टर सांगतो, चढाला एकट्याने जायचं नाय. बरोबर या."

त्यानंतर तीन वर्षं आम्ही एकत्र पळलो. त्यांच्या चालीने, ते टीं-टीं ऐकू आलं की दोघांनी चालायचं. कुडपणही केलं, सावकाश, घड्याळ शेवटपर्यंत चालू ठेवून. माझा मत्सर गेला असं म्हणणार नाही. वाडीतली माणसं त्यांना आधी हाक मारायची, मला नंतर, तेव्हा आत काहीतरी टोचायचंच. पण त्या टोचण्याची मला सवय झाली.

एका दुपारी जेवून दुकानात खुर्चीवर बसले असताना इकबालभाई गेले. पळताना नाही, चढावर नाही. मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा ओटीवर माणसं बसली होती आणि पुन्हा तीच गोष्ट चालू होती, सरांनी त्यांच्यासाठी शर्यत सोडली. मला ते ऐकवेना. आत जाऊन झुबेदाभाभींसमोर उभा राहिलो. "भाभी, त्या दिवशी घड्याळ मी बंद पाडलं होतं."

त्यांनी डोळे पुसले. "मला ठाऊक हाय. तुम्ही दुकानात सांगितलंत, त्याच दिवशी ते मला बोलले होते. मी खूप भांडले त्यांच्याशी. पुढे ते तुमच्या दारात जायला निघाले तेव्हा मी वाटेत आडवी उभी राहिले. म्हटलं, जो तुमच्यावर जळतो त्याला बरोबर घेऊन डोंगरात कशाला जाता?"

"काय म्हणाले?"

"म्हणाले, झुबेदा, बाकीचे पळताना आपल्या पायांकडे बघतात. या माणसाची नजर वर्षभर माझ्यावरनं हललेली नाय. मी पडलो तर पहिल्यांदा त्यालाच दिसेल."